पाय पाहून अंथरूण

नंदनवन, नागपूर
१० ऑगस्ट २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जय भीम.

पाकीट पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढ्यावर भागवतोस, म्हणून हा कागद. कागदाला मधेच ‘ठेवतो’ म्हणता येत नाही. बाजूला टाकलास तरी उरलेल्या ओळी तिथेच पडून राहतात आणि माणूस कधीतरी त्या वाचतोच. लकडगंजातल्या लाकडाच्या पेढीवर मालकाची पत्रं लिहिण्यात माझी जिंदगी गेली, तेवढा अनुभव मला आहे.

तर बातमी अशी, की तुझी आई चाकांवरचं घर बांधून घेते आहे.

हसू नकोस. मी हसलो होतो. त्यानंतर मला जो चहा मिळाला त्यात साखर नव्हती. याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात म्हणे. आपल्या जुन्या जीपच्या मागे जोडायचा आणि ओढत न्यायचा. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, दिवे. इंजिन तेवढं नाही. मी म्हटलं, सिंधू, या वयात लोक गुडघ्याची वाटी बदलून घेतात, तू घर बदलायला निघालीस. तर म्हणाली, ‘तुमी लाकडाच्या दुकानात बसून जंगलाचे भाव सांगतले. मले जंगल पाह्यचं आहे.’

तिचं खरं आहे रे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. चिखलदऱ्याला गाडी पोचली की लोक डोंगर पाहायला पळायचे आणि ही स्टँडच्या नळावर तोंड धुऊन त्याच गाडीनं परत. रामटेक, पवनी, लोणार, सगळीकडे तेच. ती म्हणते, ‘अर्धा विदर्भ पाह्यला मी, पण सारा स्टँडवरून.’ आता तिला प्रत्येक ठिकाणी एक तरी रात्र राहायचं आहे. मी गाडी चालवायची आणि ती शेजारी बसणार. जीपमध्ये ती घंटीची दोरीसुद्धा बांधणार आहे. एक बेल थांब, दोन बेल चल. मी म्हटलं, मी एक हात अंतरावर बसलेलो असेन, तोंडानं सांग की. तर मला नियम सांगितला गेला, की ड्रायव्हरशी बोलू नये.

गाडी बांधणारा रुपराव. वाडीला ट्रकच्या बॉड्या बांधतो, तिचा जुना पॅसेंजर. त्यानं तीन नकाशे दिले आहेत आणि सध्या आपल्या घरात जेवायच्या जागेवर नकाशे आणि नकाशांवर जेवण, असं चाललं आहे. पहिला दोन माणसांचा: मागे ऐसपैस पक्का पलंग, दाराशी ओटा. दुसरा सहा माणसांचा: दिवसा टेबल-बाकडी, रात्री सगळ्याच्या घड्या उलगडून नुसते पलंगच पलंग. तिसऱ्यात आत संडास-न्हाणी, पण ओटा मागच्या बाजूला बाहेर उघडणारा. तिची स्वतःची मागणी एकच आहे. ओट्यासमोर खिडकी पाहिजे. ‘आजवर भितीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या. आता डोंगराकडे तोंड करून लाटीन.’

मी मनात पैज लावून बसलो आहे, की ती दुसराच नकाशा घेणार. आपलं घर तुला मी काय सांगू. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी गावाकडची मंडळी, वर्षभर मेडिकलला दाखवायला येणारे पेशंट, परीक्षेला येणारी त्यांची पोरं. या घरात मोकळी जागा दिसली की तुझ्या आईला ती वाया गेल्यासारखी वाटते.

चार वर्षांपूर्वी तू श्वेताला आणि चिमीला घेऊन भुवनेश्वरहून आलास, तेव्हाही तेच झालं. तुमच्या खोलीत तिनं ऑपरेशन झालेल्या बाईला झोपवलं आणि तुमची अंथरुणं हॉलमध्ये टाकली. तू त्या बाईसमोर म्हणालास, ‘या घरात साऱ्यायले जागा आहे, मलेच नाही. कधीच नव्हती.’ आणि ती म्हणाली, ‘मंग पुढच्या टायमाले पाहुणा बनून ये, भेटीन जागा.’ तू बॅग उचललीस. तिनं अडवलं नाही. दोघंही एकाच मातीचे. तेव्हापासून तू आला नाहीस, तिनं बोलावलं नाही, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये मी फोनचा रिसीव्हर झालो आहे.

असो. हे पत्र त्यासाठी नाही. बातमी कळवायची होती, कळवली.

श्वेताला जय भीम. चिमीला आशीर्वाद.

तुझा,
बाबा


३१ ऑगस्ट २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर ‘हो’ आणि ‘बरं’ यांच्यामध्ये तू ‘गाडीचं काय झालं?’ असं विचारलंस. म्हणजे पत्र मिळालं. मी तुझ्या आईला काही सांगितलं नाही. ती कणीक भिजवत होती, तिनं हात थांबवला होता, एवढंच.

मी पैज हरलो. पण ते नंतर.

तुझ्या आईचा कागदावर विश्वास नाही. म्हणते, ‘कागदावर सारंच मावते. पन्नास सीटच्या गाडीत किती मावते हे आरटीओच्या कागदाले काय ठाऊक?’ म्हणून तिनं नकाशे गच्चीवर नेले. खडू आणि माझी लकडगंजातली टेप घेऊन तिनं गच्चीवर खरोखरच्या मापाची गाडी आखली. दार, पलंग, ओटा, सगळं. मग म्हणाली, आता यात राहून पाहू. एक नकाशा, एक पूर्ण दिवस. रेघेबाहेर पाय टाकायचा नाही.

म्हणजे मी काय काय केलं ते ऐक. सकाळी चहा आत प्यालो. पेपर आत वाचला. पेपर पूर्ण उघडला तर माझं कोपर गाडीच्या बाहेर जातं, म्हणून घडी करून वाचला. स्टोव्ह ठेवून तिनं आत स्वयंपाक केला. मला पाणी हवं होतं, मी सरळ चालत माठाकडे गेलो तर मागून आवाज आला, ‘भितीतून काहून जाऊन राहिले? दारातून जा!’ मी मुकाट्यानं परत फिरलो, नसलेलं दार उघडलं आणि बाहेर पडलो. शेजारच्या गच्चीवर शोभाताई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, ‘काहो बळीरामजी, काय खेळून राहिले?’ मी म्हटलं, सहलीला आलो आहे. त्या पापड टाकून घरात गेल्या आणि त्यांच्या सगळ्या माणसांना घेऊन परत आल्या.

दुसऱ्या दिवशी पावसानं सगळी गाडी धुऊन नेली. तिनं पुन्हा आखली, पुन्हा धुतली गेली. शेवटचा पक्का नकाशा मात्र तिनं ग्रिलला लावून उरलेल्या हिरव्या ऑइल पेंटनं आखला. त्यामुळे आता आपल्या गच्चीवर एक कायमची हिरवी गाडी आहे आणि तुझ्या नातवंडांनाही ती पाहायला मिळेल.

मी थट्टा करतो आहे, पण खरं सांगू? मी तिच्याकडे पाहत राहतो. पहिला नकाशा तिनं दुपारपर्यंत बाद केला, कारण दार उघडलं की ते ओट्याशी उभ्या माणसाच्या पाठीत बसतं. रुपरावला ते दिसलं नव्हतं आणि प्लायवूडवर हात फिरवून जात सांगणाऱ्या मलाही दिसलं नव्हतं. तिसरा बाद केला, कारण निम्मी गाडी न्हाणीतच जाते. ती नकाशा पाहत नाही, ती त्यात माणूस उभा करून पाहते. घरात पाहुणे आले की तेच करते. कोण घोरतो, कोणाला लघवीला उठावं लागतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं एका नजरेत धरून अंथरुणं टाकते. सकाळी उठून कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, की झोप लागली नाही.

उरला दुसरा, सहा माणसांचा. मी मिशीत हसत बसलो होतो. आणि तिनं तोही नको म्हटलं! रुपरावला फोन लावून म्हणाली, ‘दुसऱ्यासारखाच ठेव, पण सहा नको. आमा दोघायचा पलंग घडीचा कर, दिवसा त्याचं टेबल होऊ दे. पण समोरच्या बाजूले एक पलंग पक्का पायजे. तो मिटला नाही पायजे. दिवसाबी पलंगच राह्यला पायजे.’

रुपराव म्हणाला, ताई, दिवसभर जागा फुकट जाईल. तर म्हणाली, ‘जाऊ दे.’

नागसेन, तुझ्या आईच्या तोंडून जागेबद्दल ‘जाऊ दे’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्या पलंगाला पडदा हवा, स्वतःचा दिवा हवा, पुस्तकं ठेवायला फळी हवी. मला वाटलं, तिच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे. दुपारी आडवं व्हायला लागतं तिला. पण ती तर पुस्तक वाचत नाही.

आणि एक भांडण मिटलं. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो कुठे लावायचा, हे तिनं सर्वांत आधी ठरवलं आणि मग पलंग आखले. रुपरावनं पलंग असे काढले होते, की पाय नेमके फोटोकडे येतील. आता झोपणाऱ्याचे पाय दुसरीकडे आहेत. तुमच्याशिवाय असली चूक कोण काढेल, असं रुपराव म्हणत होता. कौतुकानं म्हणत होता की वैतागून, ते फोनवर कळलं नाही.

तुझा,
बाबा


५ ऑक्टोबर २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जय भीम.

दसऱ्याची मंडळी काल परत गेली. घरातल्या चादरी वाळायला दोरी पुरेना.

आज मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती नीट लिहायची आहे. म्हणून तू पण बसून वाच.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपलं घर नेहमीसारखं भरलं. खालच्या खोल्या, व्हरांडा, जिन्याखालची जागा, सगळीकडे माणसं. पवनीचे नत्थूजी आले होते. तुझ्या आईचे मामा, आता ऐंशीच्या घरात, पण चालत दीक्षाभूमीवर जाऊन आले. संध्याकाळी सगळे गच्चीवर बसले होते. हिरवी गाडी सगळ्यांनी पाहिली, तुझ्या आईनं दारातून आत नेऊन दाखवली, बायांनी ओट्याशी उभं राहून नसलेल्या खिडकीतून बाहेर पाहिलं. हसून हसून पुरेवाट झाली.

नत्थूजी थकले होते. त्यांनी उशाला पिशवी घेतली आणि गच्चीवर आडवे झाले. नेमके त्या पक्क्या पलंगाच्या चौकटीत.

तुझी आई जेवणाची ताटं घेऊन वर येत होती. तिनं पाहिलं, ताटं खाली ठेवली आणि म्हणाली, ‘नत्थूमामा, तिथं नका झोपू. तिथं माणूस आहे.’

नत्थूजींनी डोळे उघडून इकडे तिकडे पाहिलं. ‘कुठी आहे वं माणूस?’

‘आहे. तुमी इकडं सरका. मी गादी टाकून देतो तुमाले, चांगली जाड. पण तिथून उठा.’

या घरात पाहुण्याला कोणी उठवलं आहे, असं कोणालाच आठवत नव्हतं. स्वतःची गादी देणारी, नवऱ्याची देणारी, पोटच्या पोराची देणारी बाई ती. तिनं आपल्या मामाला सिमेंटवरच्या रंगाच्या रेघांतून उठवलं. नत्थूजी उठले. जुना माणूस, समजदार. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘नागसेनची जागा होय का?’

तिनं ताटं वाढायला घेतली. नत्थूजींच्या ताटात तिनं भाजी दोनदा वाढली. एवढे दिवस मी गुडघ्याचा हिशोब लावत बसलो होतो. मुनीमगिरी केली मी, पण घरातल्या बाईच्या मनाचा जमाखर्च मला वाचता येत नाही.

जेवणं झाल्यावर ती त्या चौकटीशी उभी राहिली होती. मी जवळ गेलो. म्हणाली, ‘मामायचे पाय रेघेच्या बाहेर गेल्ते. पाह्यलं का तुमी?’

मी म्हटलं, हो.

‘मामा त्याच्याहून बुटके आहेत,’ ती म्हणाली, आणि खाली गेली.

तुझा,
बाबा


१९ ऑक्टोबर २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जय भीम.

तुझा फोन आला नाही. मी केला तेव्हा श्वेतानं उचलला आणि सांगितलं, की मागचं पत्र वाचून तू बाहेर फिरायला गेला होतास आणि बऱ्याच वेळानं आलास. मी काही विचारलं नाही. पोरगी चांगली आहे, आपणहून सांगते.

इथे मात्र गोंधळ आहे, आणि तो तुझ्यामुळे आहे, म्हणून तुलाच लिहितो.

आम्ही वाडीला जाऊन आलो. सांगाडा उभा राहिला आहे, चाकं लागली आहेत. तुझा पलंग (आता तुझाच म्हणतो, लपवण्यात अर्थ नाही) आडवा आखलेला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पण गाडी आतून सहा फूटही भरत नाही. रुपरावनं समजावलं, की रुंदी वाढवता येत नाही. रस्त्याचे नियम आहेत आणि जीपचा जीव पण आहे. तुझी आई म्हणाली, मग उभा टाक, भिंतीला लागून. रुपराव म्हणाला, उभा टाकला तर त्या भिंतीवरचा ओटा जातो. मग त्यानं आपलं शहाणपण काढलं: ‘ताई, अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना.’

‘ते पाहुण्याले सांगायचं,’ ती म्हणाली. ‘पोराचे पाय पाहून अंथरूण करा लागते. हलव ओटा.’

हलवला. आता ओटा मागच्या कोपऱ्यात गेला आहे. तिथे पाण्याची टाकी आहे, त्यामुळे खिडकी काढता येत नाही. म्हणजे तिची खिडकी गेली.

मी तिथेच भांडलो. रुपरावच्या कारखान्यात, वेल्डिंग चालू असताना, मोठ्यानं भांडलो. म्हटलं, तुझे पैसे, तुझी गाडी, एवढी एक गोष्ट मागितली होतीस. जो येईल की नाही याचा भरवसा नाही, त्याच्या पायांसाठी तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहणार? तर मला म्हणाली, ‘भितीची सवय आहे मले. तुमी ओरडू नका, पोरं काम करून राहिले.’ घरी येताना जीपमध्ये ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मी रागानं तिच्याकडे पाहिलं आणि मग राग कुठे ठेवावा ते कळेना, एवढी ती मला मोठी वाटली. आणि तेवढीच हट्टी.

तर आता कामाचं. रुपराव पलंगाची लांबी विचारतो आहे. ती अंदाजानं सांगते, हातानं दाखवते, मग रद्द करते. तुला फोन करून विचारणार नाही, जीभ चावेल पण विचारणार नाही. म्हणून मी विचारतो. तुझी उंची किती आहे? सोबत नकाशाची प्रत जोडली आहे. आधी खिडकी कुठे होती तिथे मी फुली मारली आहे. ही पत्रं मी लिहितो हे तिला माहीत नाही, तेव्हा उत्तर माझ्या नावानं पाठव.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं, की हे तुला बोलावण्यासाठी नाही. ते खोटं होतं. सगळी पत्रं त्यासाठीच आहेत.

तुझा,
बाबा


२३ नोव्हेंबर २०२५

चि. नागसेन,
सप्रेम जय भीम.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी गांधीबागेत पडद्याचं कापड पाहायला गेलो होतो. नाव माझं होतं, पण पोस्टमननं ते तुझ्या आईच्या हातात दिलं आणि तुझं अक्षर ती ओळखते. मी घरी आलो तर ती दारातल्या पायरीवर चष्मा लावून बसली होती. मांडीवर तुझा नकाशा.

‘तुमी याले पत्रं लिहून राहिले?’

मी हो म्हटलं. चोरी पकडल्यावर माणसानं आवाज चढवू नये, म्हणून हळूच म्हटलं.

तिनं कागद माझ्यापुढे धरला. तू पेन्सिलीनं आपला लांब पलंग खोडून पुन्हा आडवा, आखूड केला होतास. ओटा उचलून जुन्या जागी ठेवला होतास. मी मारलेली फुली रबरानं पुसून तिथे खिडकी काढली होतीस, आणि खिडकीत एक डोंगर पण. डोंगर चिमीनं काढला असावा, त्याला डोळे आहेत. आणि कडेला तुझं बारीक अक्षर: ‘सहा फूट एक इंच. पण मला पाय दुमडून झोपायची सवय आहे. आईची खिडकी काढू नका.’

मी ते दोनदा वाचलं. तुझ्या आईला मी डोळे पुसताना दिसलो असणार, कारण ती माझ्यावरच ओरडली. ‘दुमडून काहून झोपीन तो? म्हातारा झाला का?’ आणि कागद घेऊन गच्चीवर गेली.

मी मागोमाग गेलो. ती हिरव्या दारातून आत गेली, घाईतसुद्धा दारातूनच, आणि तुझ्या पलंगाच्या चौकटीत आडवी झाली. तिथे ती आजवर झोपली नव्हती. मला म्हणाली, उभे राहू नका, पाहा. मी म्हटलं, काय पाहू? ती आकाशाकडे पाहत बोलायला लागली आणि मी ऐकत राहिलो.

‘पाचवीत होता तवा तांदळाच्या कोठीपाशी झोपे. डोक्याले कोठी लागे म्हणून मी मधात उशी लावू. आठवीत व्हरांड्यात, दाराकडून दुसरा, वारा नाही लागला पायजे म्हणून. दहावीच्या साली दसऱ्याले गर्दी झाली तं गच्चीच्या जिन्यावर बसून वाचे, मग तिथंच झोपी जाये. बारावीत माझ्या मशीनखाली पाय घालून झोपे. शिलाई मशीनचा पायटा सरकवून. पाय लांब होत तिथं त्याचे.’ मग म्हणाली, ‘तो म्हणते, त्याले कोपरा नव्हता. मले त्याचे सारे कोपरे पाठ आहेत.’

नागसेन, या बाईबरोबर मी संसार केला. तिनं किती माणसांना कुठे झोपवलं ते मी अभिमानानं लोकांना सांगत आलो. त्या सगळ्या गर्दीत ती रोज आधी तुला शोधून मग दिवा मालवत होती, हे मला त्या दुपारी कळलं. तुला ते तेव्हाच सांगितलं असतं तर तू चार वर्षं दूर राहिला नसतास. पण ती सांगणारी नाही आणि तू विचारणारा नाहीस.

मग ती एकदम उठून बसली. ‘मशीन!’ म्हणाली. ‘ओटा पोरानं काढला तिथंच राहू दे. पलंग उभाच टाकू. अन् पायाकडचा भाग ओट्याखाली जाऊ दे.’

समजलं का? तुझा पलंग भिंतीला लागून उभा, तुझ्या उंचीहून एक वीत जास्त लांब. पण त्याचा पायाकडचा भाग ओट्याच्या पोटात शिरतो, जसे तुझे पाय मशीनखाली शिरायचे. ओट्याखालचा सिलिंडर काढून बाहेर, जीपला जोडायच्या दांड्यावरच्या पेटीत. तो तिथेच बरा, असं रुपराव आधीपासून म्हणत होता. वर ओटा, ओट्यासमोर खिडकी. तिला भिंतीकडे तोंड करावं लागत नाही आणि तुला पाय दुमडावे लागत नाहीत. शिवाय पाय ओट्याखाली झाकलेले, म्हणजे फोटो कुठेही लावा, कोणाकडे पाय होत नाहीत. रुपरावनं नकाशा पाहिला, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, ताई, पुढच्या गिऱ्हाइकाले मी हेच दाखवीन. ती म्हणाली, दाखव, पण माप त्याच्या पोराचं घे.

काल गाडी घरी आली. गल्लीत मावत नाही म्हणून कोपऱ्यावर उभी आहे. शोभाताईंच्या घरचे दोनदा पाहून गेले, या वेळी दारातून. खिडकीला तिनं चिमीच्या डोंगराचा कागद चिकटवला आहे, खरा डोंगर येईपर्यंत. तुझा पडदा निळा. फळीवर तुझी बारावीची दोन जुनी पुस्तकं. दिवा मी लावून पाहिला. छान लागतो.

पहिली फेरी चिखलदऱ्याची. थंडी पडली आहे, जीप धुतली आहे, घंटीची दोरी बांधली आहे. निघायचं कधी, असं मी रोज विचारतो. तर काल म्हणाली, ‘रिजर्वेशनवाला पॅसेंजर आल्याबिगर मी डबल बेल देत नाही.’ मी म्हटलं, आणि नाहीच आला तर? म्हणाली, ‘सीट त्याचीच राहीन. दुसऱ्याले देत नाही.’ मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आपटली.

तर आता तूच ठरव. मला जेवढं लिहिता आलं तेवढं लिहिलं. खाली जागा सोडतो आहे. ती म्हणते, तिला दोन ओळी लिहायच्या आहेत आणि मी पाहायच्या नाहीत. मी अर्थातच पाहणार आहे.

तुझा,
बाबा

नागसेन,
श्वेता अन् चिमीची झोपायची सोय मी केली आहे. त्याची फिकीर तुझ्या बाबाने करू नये. स्वेटर घेऊन ये, चिखलदऱ्याले थंडी असते.
पाहुणा बनून येऊ नको.
आई